पूर्ववत

“तुमच्या आक्कांनी रस्ता फोडला,” जीपचं दार आतून ढकलत देवकुळेसाहेब म्हणाले. “बघायचा असेल तर बसा.”

टपरीवरचा माझा चहा अर्धा झाला होता. तो तसाच ठेवून मी जीपमध्ये चढलो. देवकुळे आमच्या तालुक्यातल्या रस्त्यांचे शाखा अभियंता. मोजकं बोलणारे, खिशात कायम मोजपट्टी बाळगणारे आणि बातमीदाराला स्वतःहून कधीही हाक न मारणारे गृहस्थ. त्यांनी हाक मारली म्हणजे प्रकरण त्यांच्या गळ्याशी आलेलं असणार. त्यांच्या मांडीवर टाइप केलेला एक कागद होता. कुरणवाडीच्या बिरू शेंडगेच्या नावाची नोटीस. पाइपलाइनसाठी खोदलेला रस्ता तातडीने पूर्ववत करून द्यावा, अन्यथा कारवाई करण्यात येईल. नाव बिरूचं असलं तरी ती नोटीस कुणाच्या हातात पडणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

सोळा वर्षं झाली या गोष्टीला. मी तेव्हा जिल्ह्याच्या एका दैनिकाचा तालुका बातमीदार होतो. संध्याकाळी सहाच्या आत बातमी फॅक्सवर चढली नाही तर ती शिळी. जीपने पेट्रोल पंप ओलांडायच्या आत माझ्या डोक्यात शीर्षक तयार झालं होतं: रस्त्यासाठी लढल्या, त्यांनीच रस्ता फोडला.

शीर्षकात खोटं काही नव्हतं. आक्का म्हणजे अनुसया मुळीक, कुरणवाडीच्या माजी सरपंच. तालुक्याच्या गावाहून कुरणवाडीवरून पुढे जाणारा हा रस्ता त्यांनी दहा वर्षं भांडून मिळवला होता. का, ते कुणाला सांगावं लागत नसे. त्यांची लेक वैजयंता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. ती अडली, तेव्हा तिला जीपमध्ये घालून दवाखान्याकडे निघाले. वीस मिनिटांच्या वाटेला खड्ड्यांनी दीड तास खाल्ला. दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी जीपमध्येच वाकून तिची नाडी बघितली आणि तिचा हात हळूच खाली ठेवला.

त्यानंतर आक्का स्वस्थ बसल्या नाहीत. मोर्चे काढले, उपोषणं केली, धनगरांची मेंढरं आणून तहसीलदारांची गाडी अडवली. एकदा पाहणीला आलेल्या एका साहेबाच्या हातात त्यांनी ताकाने काठोकाठ भरलेला तांब्या दिला आणि सांगितलं, हा न सांडता नाक्यापर्यंत न्या, मग आमची काही तक्रार नाही. साहेब जीपमधून उतरले तेव्हा त्यांची विजार गुडघ्यापर्यंत भिजली होती. तो फोटो मीच काढला होता.

शेवटी रस्ता झाला. काळाभोर, गुळगुळीत, दोन्ही कडांना पांढऱ्या रेघा. पहिल्या दिवशी आक्कांनी त्यावर हळदकुंकू वाहिलं आणि चप्पल काढून थोडं चालून बघितलं. रुग्णवाहिका आता खरोखरच वीस मिनिटांत यायची. वर्षभरात दोन अडलेल्या बाया तिने वेळेवर पोचवल्या. त्यातल्या एकीने मुलीचं नाव वैजयंता ठेवलं.

पण या रस्त्याने आणखी एक गोष्ट केली, ती आमच्या चटकन ध्यानात आली नाही. जुन्या रस्त्यावर चाळीसच्या वर गाडी घातली की स्प्रिंगचा पाटा मोडायचा, म्हणून कुणी घालत नसे. नव्या रस्त्यावर गाडी सत्तरला गेली तरी आतल्या माणसाला चहा पिता यावा इतकी ती शांत चालायची. आपण जोरात चाललोय असं चालवणाऱ्याला वाटतच नसे. आधी गाड्या मोडायच्या, आता माणसं मोडायला लागली. पहिल्यांदा एका दुधवाल्याचा पाय गेला. मग एप्रिलमध्ये, परीक्षेच्या शेवटच्या दिवशी, मोनाली गेली.

मोनाली ही बिरू शेंडगेची मुलगी. चौथीत होती. कुरणवाडीची शाळा रस्त्याच्या एका अंगाला आणि वस्ती दुसऱ्या अंगाला, मध्ये वळण. डाळिंबं घेऊन मार्केटला निघालेल्या पिकअपने तिला उडवलं. गाडी शेजारच्या गावच्या दिगू लोखंडेची. तो प्यायलेला नव्हता, फोनवर बोलत नव्हता, आणि पोरगी दिसताक्षणी त्याने ब्रेक दाबला होता. डांबरावर टायरच्या दोन काळ्या खुणा उमटल्या होत्या, अगदी सरळ. त्या मोनालीच्या दप्तरापाशी आल्या आणि त्याच्या पलीकडे जाऊन संपल्या. दिगूनेच तिला उचलून गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. नव्या रस्त्याने तो वीस मिनिटांच्याही आत पोचला. उपयोग झाला नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिथे गेलो तेव्हा देवकुळे टेप लावून खुणा मोजत होते आणि आक्का त्यांच्या मागून चालत होत्या. तो सत्तरच्या आसपास असणार, देवकुळे म्हणाले. चाळीसनं असता तर, आक्कांनी विचारलं. देवकुळ्यांनी त्यांना सांगितलं की वेग दुप्पट झाला तर ब्रेक लागल्यावर थांबायला चौपट रस्ता लागतो. चालवणारा माणूस तोच, ब्रेक तेच, पाय तितक्याच चपळाईने पडला तरीही. मग ते खुणा जिथे सुरू झाल्या तिथे उभे राहिले, काही पावलं चालले आणि थांबले.

“इथं थांबली असती गाडी,” ते म्हणाले. “तिच्या अलीकडं.”

दप्तर पडलं होतं ती जागा तिथून बरीच लांब दिसत होती. आक्का दोन्हींकडे आळीपाळीने बघत राहिल्या.

“एवढा रस्ता शिल्लक ऱ्हायला असता,” त्या म्हणाल्या.

त्याच रात्री गावातल्या पोरांनी मुरूम आणि दगड टाकून वळणावर आडवा बांध घातला. आठवड्याच्या आत लग्नाहून परतणारं एक जोडपं मोटारसायकलवरून त्यावर आपटलं आणि बाईचा हात मोडला. देवकुळ्यांनी बांध काढायला लावला. गावाने त्यांना शिव्या घातल्या. त्यांचं म्हणणं असं की मंजुरीशिवाय या रस्त्यावर गतिरोधक करता येत नाही, आणि जो दिसत नाही तो गतिरोधक नव्हे, सापळा. प्रस्ताव त्यांनी वर पाठवला होता. मंजुरी यायला दिवाळी उजाडेल, असा त्यांचा अंदाज होता. शाळा जूनमध्ये उघडणार होती. दिवाळीपर्यंत पन्नास-साठ पोरं रोज दोनदा ते वळण ओलांडणार होती. आक्का तेव्हापासून ज्याला त्याला हेच सांगत होत्या आणि ऐकणारा प्रत्येक जण मान हलवून पुढे जात होता.

आता शाळा उघडून दोन आठवडे झाले होते आणि नोटीस देवकुळ्यांच्या मांडीवर होती.

जाताना आमची जीपही सत्तरला होती. मी काट्याकडे बघितलं म्हणून कळलं. अंगाला काही जाणवत नव्हतं. कुरणवाडीच्या वळणाच्या बऱ्याच अलीकडे रस्त्याच्या दोन्ही कडांना चुन्याने रंगवलेली पिंपं उभी दिसली. त्यांच्या पुढे रस्त्यावर आडवा पांढरा पट्टा होता. कबड्डीच्या मैदानावर मारतात ती फक्की, चांगली हातभर रुंद ओढलेली. ड्रायव्हर बाबरने आपोआप पाय काढला आणि गिअर खाली घेतला. पट्ट्याच्या पुढे रस्ता परातीसारखा खोलगट झाला होता. जीप सावकाश त्यात उतरली, सावकाश वर आली. मांडीवरची नोटीस घसरून देवकुळ्यांच्या पायाशी पडली.

शाळा मागे गेली आणि पुन्हा तशीच पिंपं, तसाच पट्टा, तशीच चर.

“दोन?” देवकुळे म्हणाले. “थांबव रे.”

परवानगी त्यांच्याच कचेरीतून गेली होती. शेताला पाणी न्यायला रस्ता आडवा खोदायचा असेल तर अर्ज करावा लागतो, अनामत भरावी लागते आणि काम झाल्यावर रस्ता पूर्ववत करून देण्याची हमी द्यावी लागते. अर्ज बिरूचा होता, अक्षर आक्कांचं. असे अर्ज उन्हाळ्यात ढिगाने येतात आणि आठवड्यात निघतात, कारण पाणी अडवलं असं म्हणवून घ्यायला कुणी तयार नसतं. या अर्जात दोन जागा मागितल्या होत्या. कारकुनाने दोन जागांची अनामत घेतली आणि शिक्का मारला.

म्हणजे आमच्याकडे रस्त्यावर उंचवटा करायला दिवाळीपर्यंत थांबावं लागत होतं आणि खड्डा करायला आठवडा पुरत होता. आक्कांनी ते बरोबर हेरलं होतं.

शाळेच्या कुंपणालगत बाभळीखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर त्या बसल्या होत्या. मांडीवर सूप, सुपात मटकी. शेजारी बिरू उभा, खांद्याला घोंगडं, हातात काठी, पायाशी फक्कीची बादली. मागच्या पडीक रानात त्याची मेंढरं बसवलेली दिसत होती.

“या साहेब,” आक्का म्हणाल्या. “नजीर, तू बी आलास? बरं झालं. बिरू, पाणी आण.”

देवकुळ्यांनी पाणी घेतलं नाही. ते एका चरीपासून दुसऱ्या चरीपर्यंत चालत गेले आणि परत आले.

“आक्का, पाणी इथून पलीकडं गेलं,” ते म्हणाले. “ते तिकडून पुन्हा अलीकडं कशाला आणलं?”

“शाळंला वळसा घालून न्यायचं हुतं.”

“बिरूची विहीर कुठाय?”

“पाडायची हाय.”

“कधी?”

“पाणी कुठं लागतंय ते बघून.”

बाबर जीपमध्ये खोकल्यासारखं करून हसला. देवकुळ्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही. ते रस्त्याकडेला वाकले. मातीतून पाइपचं एक टोक बाहेर आलं होतं आणि त्याच्या तोंडात कडब्याचा बोळा कोंबला होता. त्यांनी बोळा उपसला. आतून मुंग्यांची रांग बाहेर पडली. त्यांनी बोट घालून बघितलं, बोटावरची माती झटकली आणि बोळा होता तसा परत बसवला.

मग त्यांनी नोटीस पुढे केली. आवाज न चढवता त्यांनी समजावून सांगितलं की तक्रार वरपर्यंत गेली आहे, रोलर पुढच्या गावाला उभा आहे, आक्कांनी हो म्हटलं तर उद्या सकाळी दोन्ही चरी भरून मोकळं होता येईल. तसं झालं नाही तर बिरूवर गुन्हा दाखल होईल. रस्ता पूर्ववत करून द्यायची अट होती आणि बिरूचा अंगठा त्याखाली होता.

आक्कांनी सूप खाली ठेवलं.

“केलाय की, साहेब,” त्या म्हणाल्या. “पूर्ववतच केलाय. पूर्वी हुता तसा.”

 देवकुळ्यांना हसू आलं असावं, पण ते त्यांनी येऊ दिलं नाही.

“आक्का, वैजयंतासाठी तुम्ही हा रस्ता मागितला,” ते म्हणाले. “उद्या एखादी बाळंतीण घेऊन गाडी आली आणि या चरीत आदळली, तर तुम्ही काय उत्तर देणार?”

हे त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर बिरू काठी घेऊन पुढे झाला असता. आक्का मात्र रागावल्या नाहीत. रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, त्याला दोनदा रिकाम्या गाडीतून इथून फिरवलं होतं, स्वतः मागच्या बाकावर आडवं पडून बघितलं होतं. पाण्याचा तांब्या पोटावर ठेवला होता, तो सांडला नव्हता. हे सगळं त्यांनी सरपंचाने कामाचा अहवाल द्यावा तसं सांगितलं. मग म्हणाल्या, “वैजी गेली तवा रस्ता हळू हुता. बिरूची पोर गेली तवा रस्ता जोरात हुता. मला समदा रस्ता जोरातच पायजे, साहेब. शाळंपुरता तेवढा हळू द्या. दिवाळीपतूर.”

“आणि अंधारात मोटारसायकलवाला पडला तर?”

याचं उत्तर बिरूने दिलं. दिवेलागणीला तो चारही पिंपांवर कंदील ठेवतो. फक्की रोज सकाळी नव्याने ओढतो. मेंढरं इथंच बसवली आहेत आणि तो इथंच झोपतो.

“झोपतो म्हंजे पडतो,” तो म्हणाला. “झोप घरी बी लागत न्हाई.”

देवकुळ्यांनी खिशातून मोजपट्टी काढली. चरीची खोली बघितली, रुंदी बघितली, तळ कसा उतरता आहे ते हाताने चाचपलं. ती घाईने बुजवलेली पाइपलाइन नव्हती. खडी ठोकून बसवलेली होती, दोन्ही कडा गोल केलेल्या होत्या. मग ते वळणाच्या दिशेने चालत गेले. एप्रिलमधल्या त्या काळ्या खुणा अजून पुसट दिसत होत्या. देवकुळे त्या जिथे सुरू होत होत्या तिथे थांबले आणि मागे वळून चरीकडे बघत राहिले. चर खुणांच्याही बरीच अलीकडे होती.

परत आल्यावर त्यांनी विचारलं, “ही जागा कुणी धरली?”

“तुम्हीच दावली नव्हं का त्या दिशी,” आक्का म्हणाल्या. “बिरूला म्हटलं, जिथं गाडी थांबाया पायजे तिथं खड्डा नको. जिथं ब्रेकचं मनात याया पायजे तिथं पायजे. पोरांनी बांध घातला तवा हीच चूक केली, पोरगी जिथं पडली तिथंच घातला. फुलं वाहाया ती जागा बरी.”

मी घड्याळ बघितलं. पाच वाजत आले होते. मला सहाच्या आत फॅक्सपाशी पोचायचं होतं आणि हातात जी बातमी होती तिला ठरवलेलं शीर्षक आता बसेना. चला, असं मी देवकुळ्यांना म्हणणार, तेवढ्यात शाळेची घंटा झाली.

पोरं बाहेर सुटली. आक्का उठून रस्त्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. बिरू मध्यभागी गेला आणि त्याने काठी आडवी धरली. मेंढरं रस्ता ओलांडताना धरतात तशीच. पोरं त्याच्या पुढून लोंढ्याने जाऊ लागली. आणि तालुक्याच्या बाजूने गाडीचा आवाज आला.

आवाजावरून गाडी जोरात होती. आम्ही सगळ्यांनी तिकडे बघितलं. पिकअप होती, हौद्यावर निळी ताडपत्री.  दिगू लोखंडेची गाडी ओळखायला त्या गावात कुणाला नंबर वाचावा लागत नव्हता. जामिनावर सुटून आल्यापासून तो याच रस्त्याने मार्केटला जायचा. दुसरा रस्ताच नव्हता.

पिंपांपाशी आवाज उतरला. एक गिअर, मग आणखी एक. पिकअप चरीत शिरली, मागचे रिकामे क्रेट खडखडले, आणि ती चालत्या माणसाच्या वेगाने वर आली. त्याच वेळी एका लहान पोराची चप्पल निघाली. ते लोंढ्यातून मागे फिरलं आणि बिरूच्या काठीखालून निसटून भर रस्त्यात वाकलं. अंगठा तुटला होता. ते तिथेच बसून तो बसवायला लागलं.

दिगूने ब्रेक दाबला. गाडी उभी राहिली. पोर आणि गाडी यांच्यामध्ये इतका रस्ता शिल्लक होता की पोराने मान वर करूनही बघितलं नाही.

दिगूने हॉर्न वाजवला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो समोर बघत होता. त्याच्या समोर बिरू होता. पोराने अंगठा बसवला, चप्पल पायात घातली, दोन पावलं टाकून खात्री केली आणि पळत पलीकडे गेलं. शेवटची मुलगी जाईपर्यंत बिरू हलला नाही. मग त्याने काठी उचलली आणि कळपाला वाट दाखवावी तशी पुढे हलवली. जा. पिकअप हळूहळू त्याच्याजवळून गेली, दुसऱ्या चरीत उतरली, वर आली आणि लांब गेल्यावर मगच तिचा आवाज वाढला.

मी रस्त्याकडे बघितलं. डांबरावर खूण म्हणून उमटली नव्हती.

देवकुळे जीपच्या बॉनेटवर नोटीस पसरून उभे होते. पेनचं टोपण त्यांनी दातात धरलं होतं.

“आक्का, आषाढ लागला का?” त्यांनी विचारलं.

“परवाच लागला.”

“मग पावसाळा सुरू झाला. पावसाळ्यात डांबराची कामं बंद असतात. ओल्यावर डांबर धरत नाही.”

आम्ही सगळ्यांनी वर बघितलं. आमचा तालुका पर्जन्यछायेतला. आभाळ पितळेच्या परातीसारखं लख्ख होतं आणि गेल्या वर्षी आषाढात किती पाऊस पडला हे बिरूच्या मेंढरांना विचारलं तरी त्यांनी सांगितलं असतं. देवकुळ्यांनी नोटिशीखाली शांतपणे शेरा लिहिला: जागेची पाहणी केली. इशारा चिन्हे आढळली. सदर भाग पावसाळ्यानंतर पूर्ववत करण्यात यावा. खाली सही, तारीख.

“खात्यात पावसाळा कधी सरतो, साहेब?” आक्कांनी विचारलं.

“दिवाळीला.”

ते खाली बघत टोपण लावत होते. मग कंदिलांची काच लाल करून घ्या, पिंपं आणखी पन्नास पावलं पुढे न्या आणि कुणी पडलं तर मला गावाच्या आधी कळवा, एवढं बिरूला बजावून ते जीपमध्ये बसले. या वेळी त्यांनी पाणी मागून घेतलं.

मी निघताना आक्का माझ्याबरोबर जीपपर्यंत आल्या. मी त्यांना म्हटलं, पूर्ववत हा शब्द तुम्ही साहेबांवर बरा उलटवलात.

“तुझाच हाय त्यो,” त्या म्हणाल्या.

मला कळलं नाही.

“मोनालीची बातमी आली तवा बिरू पेपर घेऊन माझ्याकडं आला. त्याला वाचता येत न्हाई. म्हणला, आक्का, काय लिवलंय ते सांग. म्या वाचून दावलं. नाव, वय, गाडी, कलमं. शेवटाला तू लिवलं हुतंस, अपघातानंतर काही काळ वाहतूक ठप्प झाली होती, पोलिसांनी वाहने बाजूला केल्यावर वाहतूक पूर्ववत झाली. त्यो म्हणला, पूर्ववत म्हंजे काय? म्या म्हटलं, पयल्यासारखं. त्यानं इचार केला आन् म्हणला, काय पयल्यासारखं झालं, आक्का?”

त्यांच्या बोलण्यात बोल लावल्याचा सूर नव्हता. ते वाक्य मी प्रत्येक अपघाताच्या बातमीच्या शेवटी लिहीत असे. सगळेच लिहितात, आणि ते कधी चुकीचं नसतं.

“मग अर्ज करायला गेले तवा अटीत त्योच शब्द,” आक्का म्हणाल्या. “म्हटलं, बरा घावला.”

बाबरने जीप सुरू केली. त्या मागे फिरल्या, खुर्चीत बसल्या आणि सूप मांडीवर घेतलं. संध्याकाळी फॅक्स वेळेत गेला. शीर्षक मी बदललं होतं: कुरणवाडी शाळेजवळ रस्त्यात दोन चरी, वाहने सावकाश चालवावीत. चार ओळींची बातमी झाली. डेस्कवरून फोन आला की खोदल्या कुणी ते लिहिलं नाहीस. मी म्हटलं, पाइपलाइनसाठी आहेत, रीतसर परवानगी आहे. आतल्या पानावर, कांद्याच्या भावाखाली ती छापून आली.

दिवाळीनंतर मंजुरी आली. देवकुळ्यांनी गतिरोधक नेमके चरींच्याच जागी घेतले, पांढरे पट्टे, फलक, रात्री चमकणाऱ्या बटणांसकट. त्याआधी रोलरने चरी भरल्या. त्या दिवशी बिरूने आपली मेंढरं उठवली आणि बादलीत उरलेली फक्की शाळेच्या पोरांना कबड्डीसाठी देऊन टाकली. पाइपलाइन कुणी काढली नाही. ती अजून रस्त्याखाली आहे, आणि कोरडी आहे.

त्या वळणावर पुन्हा माझ्यावर बातमी लिहायची वेळ आली नाही. इतर ठिकाणच्या लिहिल्या, पुष्कळ लिहिल्या. शेवटचं ते वाक्य मी पुन्हा लिहिलं नाही. त्याने फारसा फरक पडला असं नाही. सकाळी पेपर उघडला की ते तिथे असतंच. डेस्कवर कुणीतरी घालतं. त्याशिवाय बातमी पुरी झाल्यासारखी वाटत नाही, असं म्हणतात.